प्रकल्प संपतो, काम संपत नाही

तंत्रविद्यापीठांच्या आणि आयआयटींच्या नोकरभरतीच्या जाहिराती वर्षभर निघत असतात. कुठे कनिष्ठ संशोधन अधिछात्र हवा असतो, कुठे प्रकल्प साहाय्यक, कुठे यंत्र चालविणारा तंत्रज्ञ, कुठे प्रयोगशाळेतील मदतनीस. पदांची नावे बदलतात, पात्रतेच्या अटी बदलतात. परंतु जाहिरातीच्या शेवटी येणारी तीन-चार वाक्ये सहसा बदलत नाहीत. पद निव्वळ तात्पुरते असून प्रकल्पाच्या मुदतीपुरते आहे. या नेमणुकीमुळे संस्थेच्या सेवेत कायम होण्याचा कोणताही हक्क उत्पन्न होणार नाही. मुलाखतीस येण्याजाण्याचा खर्च दिला जाणार नाही. एम. टेक. झालेला, गेट किंवा नेट उत्तीर्ण झालेला तरुण नांदेडहून अथवा चंद्रपूरहून पदरच्या खर्चाने पवईस येतो, आपल्यासारख्याच इतरांबरोबर बाकावर बसून राहतो, आणि निवड झालीच तर ती एका वर्षासाठी, कधी सहा महिन्यांसाठी होते.

मुंबईच्या गिरण्यांतील बदली पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही. बदली कामगार पाळीच्या वेळी गिरणीच्या दारात उभा राही. कोणी गैरहजर असला तर त्याच्या जागी याला आत घेत. नसला तर तो परत जाई. वर्षानुवर्षे त्याच गिरणीत, त्याच मागावर काम करूनही तो कायदेशीरदृष्ट्या नवखाच असे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाच्या मागण्यांत बदली कामगारांना कायम करण्याची मागणी होती, ती या अनुभवातूनच आली होती. पदव्युत्तर पदवीधराची बदली कामगाराशी केलेली ही तुलना पुष्कळांना रुचणार नाही. सर्वांत कमी ती त्या पदवीधरालाच रुचेल. आणि प्रश्नाची अर्धी अडचण तेथेच आहे.

तंत्रविद्यापीठात काम करणाऱ्यांपैकी दोन मोठ्या गटांना 'कामगार' हे नाव द्यायचे टाळले जाते. संशोधन करणाऱ्याला सांगितले जाते की तू शिकत आहेस. तुला मिळते ते वेतन नव्हे, ती शिष्यवृत्ती. संशोधनास आधार देणाऱ्याला, म्हणजे साफसफाई, बागकाम, पहारा, भोजनगृह, कार्यालयातील टंकलेखन आणि आता पुष्कळ ठिकाणी प्रयोगशाळेतील मदत हीदेखील कामे करणाऱ्याला, सांगितले जाते की तू आमचा नोकरच नव्हेस. तू कंत्राटदाराचा, आम्ही केवळ सेवा विकत घेतो. एकाच्या बाबतीत काम शिक्षण ठरते, दुसऱ्याच्या बाबतीत ते बाजारातील माल ठरते. दोन्ही युक्तिवादांचा शेवट एकाच ठिकाणी होतो : संस्थेचे नित्याचे काम ज्यांच्या हातून होते त्यांच्याविषयी संस्थेवर दीर्घ मुदतीची कोणतीही जबाबदारी उरत नाही.

ही स्थिती प्रारंभापासून अपरिहार्य होती असे मानण्याचे कारण नाही. नलिनीरंजन सरकार यांच्या अध्यक्षतेखालील समितीने उच्च तंत्रशिक्षणाच्या संस्थांची कल्पना मांडली ती स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर. १९५१ साली खरगपूरची संस्था सुरू झाली, १९५८ साली युनेस्कोमार्फत मिळालेल्या सोव्हिएत साहाय्याने मुंबईची, १९५९ साली पश्चिम जर्मनीच्या साहाय्याने मद्रासची. या संस्था उभ्या राहिल्या तेव्हा परदेशातून नुसती यंत्रे आली नाहीत. ती चालविणारी, दुरुस्त करणारी, त्यांचे सुटे भाग येथेच घडविणारी माणसे तयार करणे हाही योजनेचा भाग होता. फिटर, टर्नर, काचेची उपकरणे फुंकून घडविणारा कारागीर, प्रयोगशाळा साहाय्यक ही मंजूर पदे होती. त्यांना निवृत्तिवेतन होते. प्राध्यापक बदलले तरी प्रयोगशाळा ओळखणारा माणूस जागेवर असे.

पुढे पैसा येण्याची रीत बदलली. संशोधनाचा खर्च संस्थेच्या वार्षिक अनुदानातून कमी आणि वेगवेगळ्या प्रकल्पांतून अधिक होऊ लागला. देशाचा संशोधन व विकास यांवरील खर्च २०२०-२१ साली स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या अवघा ०.६४ टक्के होता. तो वाढविला पाहिजे याबद्दल दुमत नाही. परंतु वाढविण्याचा जो मार्ग निवडला गेला तोही पाहावा लागेल. २०२३ साली संसदेने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा केला. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभे राहतील असे सांगण्यात आले. त्यांतील सुमारे १४,००० कोटी सरकारचे, उरलेले ३६,००० कोटी उद्योग, दाते इत्यादींकडून यावयाचे. जुलै २०२५ मध्ये खाजगी क्षेत्रातील संशोधनासाठी एक लाख कोटी रुपयांच्या योजनेस मंत्रिमंडळाने मान्यता दिली. आकडे मोठे आहेत. तथापि विद्यापीठांपर्यंत हा पैसा पोहोचतो तो बहुतांशी प्रकल्पांच्या रूपाने, आणि प्रकल्पाला मुदत असते. बहुधा ती तीन वर्षांची. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर निधीच्या प्रवाहातील अनिश्चितता ज्याने सोसावयाची तो पक्ष बदलला. पूर्वी ती सरकार आणि संस्था सोशीत असत. आता ती अनिश्चितता सोसण्याची ताकद ज्याच्याजवळ सर्वांत कमी आहे त्याच्या माथी आली. विमा कंपनीने हप्ता घ्यावा आणि नुकसानही ग्राहकावरच टाकावे, तसला हा व्यवहार आहे.

यावर संस्थाचालकांचे उत्तर ठरलेले असते : पैसाच तीन वर्षांचा आहे, तर माणूस कायमचा कसा घ्यावा? उत्तर वरवर बिनतोड वाटते. ते तपासण्यासाठी प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काय चालते ते पाहिले पाहिजे.

अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाचे उपकरण, ज्याला सगळे एनएमआर म्हणतात, रसायनशास्त्राच्या बहुतेक प्रत्येक विभागास लागते. त्यातील अतिवाहक चुंबक द्रवरूप हीलियममध्ये बुडालेला असतो आणि हीलियमच्या पात्राभोवती द्रवरूप नायट्रोजनचे आवरण असते. नायट्रोजन वारंवार भरावा लागतो, हीलियम काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी. भरण्यात हयगय झाली, पातळी उतरली, तर चुंबक एकाएकी आपली अतिवाहकता गमावतो, साठलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते आणि सगळा हीलियम वायुरूप होऊन उडून जातो. हीलियम परदेशातून आणावा लागतो आणि तो महाग आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे असेच. पाहावयाच्या पदार्थाचा काप मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही पातळ काढावा लागतो. तो हात पुस्तक वाचून बसत नाही. निर्वात पंपाचे तेल केव्हा बदलावे, पंपाचा आवाज बदलला म्हणजे काय बिघडले, कोणत्या विद्यार्थ्याने आणलेला नमुना यंत्रात घातला तर यंत्र खराब होईल, हे ज्ञान कुठल्याही शोधनिबंधात छापलेले नसते. सत्तरच्या दशकात विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने अत्याधुनिक उपकरणांची प्रादेशिक केंद्रे काढली आणि त्यांतले एक पवईस आले, ते याच विचाराने की महागडे यंत्र एका ठिकाणी असावे, जाणत्या माणसांच्या ताब्यात असावे आणि आसपासच्या सर्व महाविद्यालयांना त्याचा उपयोग व्हावा.

आता विचारावे की यांतले कोणते काम तीन वर्षांनी संपते? एका प्राध्यापकाचा प्रकल्प संपतो, दुसऱ्याचा सुरू होतो; यंत्र तेच असते, हीलियम तसाच भरावा लागतो, आणि पुष्कळदा भरणारा माणूसही तोच असतो. फक्त त्याची नेमणूक एका प्रकल्पाच्या खात्यातून दुसऱ्या प्रकल्पाच्या खात्यात सरकते. मध्ये दोन-तीन महिन्यांचा खंड पडला तर तो घरी बसतो. असे करीत चाळिशी येते, सरकारी नोकरीची वयोमर्यादा उलटून जाते, आणि एके दिवशी नवी जाहिरात निघते तेव्हा तिच्यात वयाची अट अशी असते की ज्याने ते यंत्र दहा वर्षे चालविले त्यालाच अर्ज करता येऊ नये. यातील नुकसान केवळ त्या माणसाचे नाही. अनेक कोटींचे यंत्र बंद पडून राहते ते बऱ्याचदा सुट्या भागांच्या अभावी नव्हे, ते चालविणाऱ्याच्या अभावी. यंत्रखरेदीसाठी निधी मिळविता येतो, यंत्राचे उद्घाटनही होते. यंत्र चालविणाऱ्याचे कायम पद मागितले की काटकसर आठवते.

संशोधन अधिछात्रांची गोष्ट थोडी निराळी आहे. तिचा हिशोब मांडून पाहणे बोधप्रद ठरेल. कनिष्ठ संशोधन अधिछात्राला ऑक्टोबर २०१४ पासून दरमहा २५,००० रुपये मिळू लागले. पुढली वाढ जानेवारी २०१९ पासून झाली, ३१,००० रुपये. आणि ती काही आपोआप झाली नाही. त्यासाठी आयआयटींसह देशभरच्या प्रयोगशाळांतील तरुण-तरुणींना महिनोन्महिने निवेदने द्यावी लागली, दिल्लीत रस्त्यावर यावे लागले. त्यानंतरची वाढ जानेवारी २०२३ पासून, ३७,००० रुपये. घरभाडे भत्ता नियमांनुसार मिळतो. महागाई भत्ता मात्र मिळत नाही, बोनस नाही, प्रवास सवलत नाही. आणि रजा म्हणाल तर प्रसूतीची वगळता केवळ नैमित्तिक.

महागाई भत्ता नसण्याचा अर्थ काय? केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याचा महागाई भत्ता जानेवारी २०१९ मध्ये मूळ वेतनाच्या १२ टक्के होता आणि जानेवारी २०२३ मध्ये ४२ टक्के. मधली दीड वर्षे तो गोठविला होता हे धरूनही मूळ वेतन अधिक महागाई भत्ता ही बेरीज या चार वर्षांत जवळजवळ २७ टक्क्यांनी वाढली. त्याच चार वर्षांत अधिछात्रवृत्तीचा दर वाढला १९ टक्के, आणि तोही चौथे वर्ष सरल्यावर एकदम. तोवर ३१,००० म्हणजे ३१,०००. वार्षिक वेतनवाढ यात धरलेली नाही. तशीच कनिष्ठाचा वरिष्ठ अधिछात्र होण्याने मिळणारी वाढही धरलेली नाही. जुलै २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता ५८ टक्क्यांवर पोहोचला, म्हणजे वरील बेरीज आणखी ११ टक्क्यांनी पुढे गेली. अधिछात्रवृत्ती त्या वेळी ३७,००० वरच उभी होती. पवईच्या किंवा पुण्याच्या बाजारात डाळ-तांदळाला अधिछात्र आणि कर्मचारी असा भेद ठाऊक नाही. कर्मचाऱ्यांना जास्त मिळते अशी तक्रार येथे मुळीच नाही. महागाई भत्ता ही कामगार चळवळीने झगडून मिळविलेली गोष्ट आहे. ज्यांना 'विद्यार्थी' म्हटले त्यांना त्या झगड्याच्या फळातून वगळले, हा मुद्दा आहे.

यावर आक्षेप घेतला जाईल की डॉक्टरेट हे अखेर शिक्षणच आहे आणि शिकणाऱ्याला पगार कसला? आक्षेपात तथ्यांश आहे. पीएच. डी. करणारा शिकत असतो यात संशय नाही. परंतु तो त्याच वेळी पदवी वर्गाची प्रात्यक्षिके घेतो, उत्तरपत्रिका तपासतो, यंत्रांची देखभाल करतो, प्रकल्पाचे अहवाल लिहितो, आणि ज्या शोधनिबंधांच्या संख्येवर संस्थेची प्रतवारी ठरते त्यांतले बहुतेक प्रयोग त्याच्याच हातचे असतात. शिकाऊ डॉक्टरही शिकतच असतो. म्हणून तो रुग्णालयात काम करीत नाही असे कोणी म्हणत नाही.

ज्या जर्मनीने मद्रासच्या संस्थेची उभारणी केली त्या जर्मनीत डॉक्टरेट करणारा संशोधक प्रकल्पावर घेतला जातो तेव्हा तो सार्वजनिक सेवेच्या वेतनश्रेणीत नोकर म्हणून घेतला जातो. त्याचा आरोग्यविमा, निवृत्तिवेतनाचा हप्ता, बेकारी विमा हे सर्व त्या नोकरीबरोबर येते. नेदरलँड्स, स्वीडन येथेही डॉक्टरेट करणारे बव्हंशी नोकरीतच असतात. यामुळे त्या देशांतील पदवीचा दर्जा घसरल्याचे ऐकिवात नाही.

तरीही जर्मनीचे उदाहरण गुळगुळीत करून सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. तेथेही पुष्कळ अधिछात्रांना अर्ध्या किंवा दोन-तृतीयांश वेळेचा करार देऊन पूर्ण वेळ राबविले जाते. शिवाय २००७ साली तेथे एक कायदा झाला, त्यान्वये संशोधकाला डॉक्टरेटपूर्वी सहा आणि नंतर सहा वर्षे मुदतीच्या करारांवर ठेवता येते. त्यानंतर कायम पद मिळाले नाही तर चाळिशीच्या आसपास विद्यापीठाचे दार बहुधा बंद होते. हा कायदा समजावून सांगण्यासाठी तेथील शिक्षण खात्याने एक व्यंगचित्रपट काढला, त्यात हन्ना नावाची एक काल्पनिक जीवशास्त्रज्ञ होती. एका पिढीने सगळ्या जागा अडवून बसू नये म्हणून अशी व्यवस्था आहे, असे त्या चित्रपटाने हसतखेळत सांगितले. २०२१ साली हजारो जर्मन संशोधकांनी 'मीच हन्ना' असे म्हणत आपापल्या करारांचा पाढा जाहीरपणे वाचला आणि खात्याला तो चित्रपट मागे घ्यावा लागला. विद्वत्तेला ताजे रक्त हवे हा सिद्धान्त नेहमी ज्यांचे स्वतःचे रक्त निवृत्तिवेतनासह सुरक्षित आहे तेच मांडतात, ही गोष्ट दोन्ही देशांत सारखी आहे.

मात्र त्याच जर्मन कायद्याच्या एका दुरुस्तीकडे येथील कार्यकर्त्यांनी लक्ष द्यावे. २०१६ पर्यंत बाहेरून आलेल्या निधीच्या सबबीवर तंत्रज्ञ, प्रयोगशाळा साहाय्यक, कार्यालयीन कर्मचारी यांनाही या विशेष कायद्याखाली मुदतीवर ठेवता येत असे. २०१६ च्या दुरुस्तीने ती सवलत संशोधकांपुरती मर्यादित केली. विचार असा की संशोधकाच्या बाबतीत शिकण्याची, पुढे जाण्याची काही सबब तरी आहे; तंत्रज्ञाच्या बाबतीत तीही नाही. त्याचे काम नित्याचे आहे आणि त्याला सर्वसाधारण कामगार कायदा लागू झाला पाहिजे. प्रकल्पाचा पैसा तात्पुरता असतो हे जर्मनांनाही ठाऊक होते.

भारतात नेमके उलट वळण घेतले गेले. सहाव्या वेतन आयोगानंतर केंद्र सरकारच्या सेवेतील 'ड' वर्ग संपला. त्या वर्गातील माणसांना वरच्या वर्गात घेतले ही चांगली गोष्ट झाली. परंतु ती निवृत्त झाली तशी त्यांची कामे पुष्कळ ठिकाणी कंत्राटदाराकडे गेली. आज सरकारी संस्था सरकारच्याच ई-बाजारपेठेवर, २०१६ साली निघालेल्या 'जेम'वर, मनुष्यबळाची मागणी नोंदवितात. जेथे खुर्च्या आणि कागद विकत घेतात तेथेच माणसांचे तासही घेतात. कंत्राटदार बदलला की कामगाराची सेवा पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जाते. पवईच्या संकुलात दशकानुदशके बागकाम केलेल्या कंत्राटी कामगारांना निवृत्तीनंतर ग्रॅच्युइटीसाठी श्रम अधिकाऱ्यांकडे दाद मागावी लागली आणि ते प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. झाडे संस्थेची, जमीन संस्थेची, पाणी संस्थेचे. पाणी घालणारा तेवढा परका.

१९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात निदान एक कलम होते की काम बारमाही स्वरूपाचे असेल, तर सरकारला तेथे कंत्राटी पद्धत बंद करता येईल. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की अशी बंदी झाली तरी कामगार आपोआप मूळ मालकाच्या सेवेत जात नाही, आणि कलमाचा दात पडला. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि तो जुना कायदा गेला. नव्या संहितेत संस्थेच्या 'गाभ्याच्या' कामात कंत्राटी कामगार लावण्यास मनाई आहे. परंतु साफसफाई, पहारा, भोजनगृह, बागकाम इत्यादी कामे गाभ्याच्या बाहेरची म्हणून व्याख्येतच वगळली आहेत. मुदतीच्या नोकराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला, हे संहितांचे एक भले कलम होय आणि त्याचा उपयोग प्रकल्पावरील तंत्रज्ञांसाठी करून घेतला पाहिजे. प्रयोगशाळेत यंत्र चालविणे हे तंत्रविद्यापीठाच्या गाभ्याचे काम नाही असे म्हणण्याचे धाडस कोणी करील असे वाटत नाही. केलेच, तर ते लेखी करावयास लावावे.

न्यायालयांचा विषय निघाला की प्रत्येक कुलसचिव २००६ च्या उमादेवी प्रकरणाचा हवाला देतो. मागील दाराने आलेल्यांना कायम करता येणार नाही, समान संधीचे तत्त्व मोडेल, असे त्या निर्णयात घटनापीठाने म्हटले. परंतु प्रकल्पावरील तंत्रज्ञ मागील दाराने येत नाही. त्याच्या पदाची जाहिरात निघते, अर्ज मागविले जातात, मुलाखत होते. दार पुढचेच असते, फक्त त्याच्यावर पाटी चुकीची लावलेली असते. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय जल आयोगातील दीर्घकाळ राबलेल्या सफाई कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले की उमादेवीचा निर्णय ढाल म्हणून वापरून नित्याच्या कामावरील माणसांना वर्षानुवर्षे तात्पुरते ठेवणे योग्य नव्हे, आणि त्या कामगारांना सेवेत कायम करण्याचा आदेश दिला. त्याही आधीचे एक उदाहरण 'प्रकल्प' या शब्दापुरते अधिक महत्त्वाचे आहे. रेल्वेच्या नव्या मार्गांच्या बांधकामावर जे रोजंदारी कामगार असत त्यांनाही हेच सांगितले जाई की प्रकल्प संपला, तुम्ही सुटलात. इंद्रपाल यादव खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने हे अमान्य केले. एक प्रकल्प संपतो तेव्हा रेल्वेचा दुसरा चालू असतो, हे वास्तव ध्यानात घेऊन ३६० दिवस सलग काम केलेल्यांना टप्प्याटप्प्याने तात्पुरत्या सेवेचा दर्जा आणि पुढे सामावून घेण्याची योजना मान्य झाली. कुदळ-फावडे चालविणाऱ्याला जे मिळाले ते सूक्ष्मदर्शक चालविणाऱ्याला का मिळू नये?

आरक्षणाचा प्रश्न येथेच येतो, आणि तो टाळून चालणार नाही. केंद्र सरकारचा आदेश असा आहे की ४५ दिवस किंवा त्याहून अधिक काळ टिकणाऱ्या तात्पुरत्या नेमणुकांनाही अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांचे आरक्षण लागू राहील. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याचा पुनरुच्चार झाला. परंतु पदे एक-एक करून, एका-एका प्राध्यापकाच्या प्रकल्पात, एका-एका जाहिरातीने भरली की बिंदुनामावलीला काही अर्थच उरत नाही. आणि कंत्राटदाराच्या हजेरीपटावर ती नामावली नसतेच. कायम पदे घटतात तसे आरक्षणही न बोलता घटते; त्यासाठी घटनेला हात लावावा लागत नाही. ज्या घरातील पहिली पिढी आज एम. टेक.पर्यंत पोहोचली आहे तिला दोन वर्षांचा खंड परवडत नाही, सहा महिन्यांच्या करारावर मुंबईत खोली घेणे परवडत नाही. ज्याच्या मागे बापाची मिळकत आहे तोच तात्पुरत्या पदांच्या रांगेत शेवटपर्यंत टिकतो, आणि मग त्यालाच गुणवत्ता म्हणतात.

तात्पुरत्या निधीतून कायम पदे निर्माण होऊ शकतात काय, या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे आणि त्यासाठी क्रांतीची वाट पाहण्याची गरज नाही. एकेका प्रकल्पाचा निधी अनिश्चित असतो. परंतु एखाद्या मोठ्या संस्थेत शेकडो प्रकल्प एकाच वेळी चालू असतात आणि त्यांची बेरीज वर्षानुवर्षे बरीच स्थिर असते. प्रत्येक प्रकल्पातून संस्था व्यवस्थापन खर्च म्हणून काही वाटा कापून घेतेच. त्या वाट्यातील ठराविक हिस्सा एका सामाईक निधीत टाकून त्यातून तंत्रज्ञांची, यंत्रचालकांची, प्रयोगशाळा साहाय्यकांची कायम पदे चालविता येतील. माणूस संस्थेचा राहील, प्रकल्प त्याच्या कामाचे पैसे भरील. सहकारी साखर कारखान्यात प्रत्येक उसामागे कपात करून निधी उभारणाऱ्या महाराष्ट्राला ही कल्पना समजावून सांगावी लागू नये. अधिछात्रवृत्तीस महागाई निर्देशांकाची जोड देणे ही मागणी तर याहून सोपी आहे. तिला फक्त एक शासकीय आदेश लागतो.

हे आपोआप होणार नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने नऊ खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी पदे भरण्याचा निर्णय काढला तेव्हा स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे तरुण जिल्ह्याजिल्ह्यांतून रस्त्यावर आले आणि ऑक्टोबर संपण्यापूर्वी तो निर्णय मागे घ्यावा लागला. त्या मोर्चांत प्रयोगशाळांतील अधिछात्र फारसे दिसले नाहीत. ते स्वतःला उद्याचे प्राध्यापक समजतात, आणि भोजनगृहात त्यांना वाढणारा कंत्राटी कामगार त्यांना आपल्या प्रश्नाचा भागीदार वाटत नाही. अधिछात्रांच्या मागण्या वेगळ्या, कंत्राटी कामगारांच्या वेगळ्या, कायम कर्मचाऱ्यांची संघटना तिसरीच, असे चालले तर व्यवस्थापनाला तिघांशी स्वतंत्रपणे बोलणे सोयीचे पडते.

पवई, माटुंगा, पुणे, लोणेरे येथील कार्यकर्त्यांना कामाची सुरुवात अगदी साध्या रीतीने करता येईल. या सार्वजनिक संस्था आहेत आणि त्यांना माहितीचा अधिकार लागू आहे. संस्थेत मंजूर कायम पदे किती, त्यांतील भरलेली किती. प्रकल्पांच्या खात्यांतून वेतन घेणारी माणसे किती आणि त्यांपैकी पाच वर्षांहून अधिक काळ वेगवेगळ्या करारांवर त्याच विभागात असणारी किती. कंत्राटदारांची नावे कोणती, त्यांनी भविष्यनिर्वाह निधी भरल्याची पडताळणी संस्थेने शेवटची केव्हा केली. आणि तात्पुरत्या पदांचा प्रवर्गनिहाय तक्ता ठेवला जातो की नाही, एवढेच विचारावे. केंद्रीय संस्थेसाठी अर्जाला दहा रुपये शुल्क पडते आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. उत्तर आले की ते मराठीत करून अधिछात्रांच्या वसतिगृहात आणि कंत्राटी कामगारांच्या विश्रांतीच्या खोलीत, दोन्हीकडे लावावे.